सांभाळणाऱ्याचं नाव

ता. जिवती, जि. चंद्रपूर
३ मार्च २०२४

मयुरी बेटा,

नथ्थू मोठेबाबाचं पत्र पाहून दचकू नको. कोणी गेलेलं नाही. पत्र म्हटलं की लोक आधी कोपरा फाडलाय का ते बघतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

फोन का नाही केला म्हणशील. आमच्या डोंगरावर टॉवर उभा आहे, रेंज मात्र अजून खालीच राहिली. शिवाय माझा डावा कान कामातून गेला. फोनवर मी हो हो म्हणत बसतो आणि समोरचा भलतंच विचारत असतो. त्यापेक्षा कागद बरा. एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होतो, कागदाशी माझं जमतं.

काम दिव्यानीचं आहे. तुझ्या लग्नात करवलीचा मान मिळाला नाही म्हणून रुसून बसली होती, ती माझी एकुलती एक पोर. आता सव्वीस वर्षांची आहे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या पावसाळ्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला चंद्रपूरला डायलिसिसला नेतो. पाचच्या गाडीने निघायचं, चार तास मशीन, आणि दिवेलागणीला परत. मशीनवरून उतरली की ती इतकी गळून जाते की बसमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर असतं.

डॉक्टर म्हणतात, किडनी बदलल्याशिवाय इलाज नाही. माझी चालत नाही, वय सहासष्ट आणि वर बीपी. तुझ्या मोठ्याईला, सुगंधाला, शुगर आहे. जावई पवन तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे, हंगाम संपला की येईल. आता राहिली मेलेल्या माणसाची किडनी. त्यासाठी नागपूरला यादी असते म्हणे, आणि ज्या दवाखान्यातून तिथे नाव जातं, त्याच दवाखान्यात समाजसेवा विभागात तू बसतेस. माझ्या चुलतभावाची, गुलाबची पोर! मी सुगंधाला म्हटलं, "आपलं काम झालं समज."

तिथे काय काय विचारतात तेवढं कळव. यादीत नाव लावणं मला नवं नाही. घरकुलाची यादी, दारिद्र्यरेषेची यादी, सगळ्या सरवेवाल्यांसोबत मी दारोदार हिंडलो आहे. कोणाचं नाव लागतं आणि कोणाचं सुटतं, ते तलाठ्यापेक्षा मला जास्त कळतं.

तुझा,
नथ्थू मोठेबाबा

*

नागपूर
१४ मार्च २०२४

मोठेबाबा,

पत्र वाचलं. दिव्यानी माझ्या डोळ्यांसमोर अजून परकरातली आहे.

आधी कटू ते सांगते. माझी ओळख इथे कामाची नाही, उलट अडचणीची आहे. रुग्ण नात्यातला असला की त्याच्या फाइलला मी हात लावायचा नाही, असा नियम आहे. दिव्यानीची मुलाखत आमच्या विभागातले दुसरे अधिकारी घेतील. समिती बसेल तेव्हा मी त्या खोलीत नसेन.

यादीत नाव जाण्याआधी रुग्णाची पूर्ण पारख होते. रक्त, हृदय, छाती, लसी. दात किडलेला असला तरी थांबवतात, कारण पुढे जंतू तिथूनच शिरतात. मग आमच्या विभागाची मुलाखत, रुग्णाची वेगळी आणि घरच्यांची वेगळी. सगळे कागद समितीपुढे जातात आणि नाव पाठवायचं की नाही ते समिती ठरवते.

मुलाखतीत काय विचारतात ते मी सांगणार नाही. रागावू नका. प्रश्न आधी फुटले तर उत्तरांना अर्थ उरत नाही, आणि ते मी फोडले हे कळलं तर तिचंच नुकसान होईल. जे आहे ते सांगा, एवढंच.

एक विचारायचं राहिलं. पवनची तपासणी झाली का? नवऱ्याची किडनी बायकोला चालते. तसं झालं तर या यादीची गरजच नाही.

२२ एप्रिलला या. उतरायला माझ्या घरी या म्हणणार होते, पण घरात सध्या सासूबाईंचं दुखणं आहे. दवाखान्याजवळ धर्मशाळा चांगली आहे.

तुमची,
मयुरी

*

ता. जिवती
२६ एप्रिल २०२४

मयुरी बेटा,

फत्ते!

तुझ्या पाया पडायला हवं असं तुझं ते दात प्रकरण. आधीच कळवलंस म्हणून चंद्रपुरात दोन दाढा काढून घेतल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंड बघून शाबासकी दिली. हृदय चांगलं, छाती चांगली. राहता राहिली मुलाखत. तिचं तू काही सांगितलं नाहीस, पण आपण काय कच्चे आहोत का? बसमध्येच मी दिव्यानीला पढवलं.

"हे पाह्य बाई, साहेब काईबी पुसो, नाईच म्हणजो. घर? कुडाचं हाये. पाणी? नाल्याचं. संडास? नाई. सांभाळाले कोणी? कोणीच नाई."

ती म्हणाली, "बाबा, खोटं काऊन सांगू मी?"

"खोटं नाई होय ते. यादीची रीत हाये. ज्याच्यापाशी काईच नाई, त्याचं नाव पयले लागते."

आत तिला अर्धा तास बसवलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी मनात म्हटलं, रडली हे उत्तमच झालं. मग मला बोलावलं. मीही सगळ्याला नाही म्हणून आलो. साहेब भला माणूस, मान खाली घालून लिहून घेत होता.

तुला म्हणून सांगतो, खरं तर मी घरात तिच्यासाठी वेगळी खोली काढली आहे. खाली फरशी, खिडकीला बारीक जाळी, पाण्याला फिल्टर. संडास तर चार वर्षांपासून आहे. पण हे साहेबापुढे कोण बोलणार? असल्या चार गोष्टी तोंडातून गेल्या की नाव कटलंच.

पवनच्या तपासणीचं म्हणशील तर तो आल्यावर करू. निकाल लागला की कळव. सुगंधाने तुझ्यासाठी मोहाचे लाडू बांधून ठेवले आहेत.

तुझा,
नथ्थू मोठेबाबा

*

नागपूर
३ जून २०२४

मोठेबाबा,

हे काय करून बसलात हो!

समितीने दिव्यानीचं नाव पाठवलं नाही. कारण लिहिलं आहे: घरी सांभाळणारं कोणी नाही, शुद्ध पाण्याची सोय नाही, शस्त्रक्रियेनंतर किडनी टिकण्याची शक्यता कमी. फाइल मी पाहिली नाही. सहकाऱ्यांनी जेवताना हळहळून सांगितलं, "तुमच्या भागातली एक मुलगी होती, बिचारीचं कोणीच नाही."

ही यादी घरकुलासारखी नाही. किडन्या मिळतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि वाट बघणारे शेकड्यांनी. म्हणून ज्याच्या अंगात ती टिकेल त्याचंच नाव पाठवतात. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, एक दिवस चुकून चालत नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. घरात ती फरशी, ती जाळी, तो फिल्टर आहे का, हेच तर ते विचारत होते. तुम्ही जे लपवलंत तेच त्यांना हवं होतं.

चूक माझीही आहे. प्रश्न सांगायचे नव्हते, पण ही यादी कशाची आहे एवढं तरी मी लिहायला हवं होतं. तुम्ही घरकुलाचं लिहिलं होतंत, तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मी घाईत होते. नियम सांभाळला आणि साधी गोष्ट राहून गेली.

अधिकाऱ्यांच्या हातापाया पडून एक करवून घेतलं आहे. ते स्वतः तुमच्या घरी येऊन पाहणी करतील, याच महिन्यात. दिवस आधी सांगत नाहीत. फाइलमधला पवनचा नंबर त्यांनी दिला, त्यावर दहादा फोन केला, बंद आहे. म्हणून हे पत्र. हात जोडून सांगते, घर जसं आहे तसं दिसू द्या.

मयुरी

*

ता. जिवती
१९ जून २०२४

मयुरी बेटा,

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. पोस्टमनची बदली झाली, नवा आठवड्यातून एकदाच वर चढतो. तुझा साहेब चौदा तारखेला येऊन गेला.

चौदाला शुक्रवार. मी आणि दिव्यानी चंद्रपुरात, मशीनवर. घरी सुगंधा एकटी. शाळेजवळच्या वळणावर जीप दिसली आणि शेजारच्या शकुबाईने ओळखलं, सरवेवाले आले. साहेबाने शाळेत आमचं घर विचारलं, तोवर तिने सगळी गल्ली कामाला लावली होती. दिव्यानीसाठी जीव तुटतो गं त्या बाईचा. म्हणून तिने काय केलं असेल ते तूच समज.

फिल्टर काढून कडब्याखाली घातला. लोखंडी पलंग आणि पंखा स्वतःच्या घरी नेला. संडासाच्या दारापुढे तुराट्यांचे भारे रचले. दिव्यानीच्या खोलीत, त्या फरशीवर, चार शेळ्या नेऊन बांधल्या आणि खिडकीची जाळी काढून टाकली. सुगंधाला म्हणाली, "वैनी, फाटकं लुगडं नेसा लवकर." सुगंधाही नेसली. तिला काय माहीत? मीच घरात सांगून ठेवलं होतं की सगळ्याला नाही म्हणायचं.

साहेबाने विचारलं, "मुलीची काळजी कोण घेतं?"

शकुबाई म्हणाली, "कोणीच नाई जी. मायबाप म्हातारे. पोरीले पाणी द्याले माणूस नाई."

"आणि नवरा?"

"कायचा नवरा जी! टाकून देल्ली त्यानं तिले."

हे नवऱ्याचं शकुबाईने पदरचं घातलं.

आम्ही संध्याकाळी परतलो तर गल्ली सण असल्यासारखी खूश. शकुबाई दारातच म्हणाली, "भाऊ, पेढे आना. यावेळी नाव लागलंच समजा." मी खोलीत गेलो तर फरशीवर लेंड्या. दिव्यानी दाराला टेकून उभी राहिली आणि हसायला लागली, मग तिला धाप लागली.

शकुबाईला मी काही बोललो नाही. या गावाला ही विद्या मीच शिकवली आहे. सरवेवाला येतो म्हणून आदल्या दिवशी मीच सांगत हिंडायचो की पंखे उतरवून ठेवा. आता कोणाला शिवी घालू?

काही होईल का गं?

मोठेबाबा

*

नागपूर
८ जुलै २०२४

मोठेबाबा,

पाहणीचा अहवाल आला. "रुग्णाच्या खोलीत शेळ्या" हे वाक्य बैठकीत वाचलं गेलं, आणि कोणीतरी हसलं म्हणे. ऐकून मला इतका संताप आला की मी संडासात जाऊन रडले. तिथे बसलेल्या कोणाला काय माहीत की त्या शेळ्या प्रेमाने बांधल्या होत्या.

मी अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. तुमचं एप्रिलचं पत्र दाखवलं. नियमात बसत नाही तरी त्यांनी शेवटची फेरमुलाखत दिली आहे, २३ सप्टेंबरला. सोबत फॉर्म पाठवते. त्यात एक ओळ आहे, 'सांभाळणाऱ्याचे नाव'. ते नाव आणि सही लागेल. माणूस धडधाकट हवा, साठीच्या आतला, रुग्णासोबत राहणारा आणि औषधाची चिठ्ठी वाचता येणारा. तुमचं वय बसत नाही. मोठ्याईला वाचता येत नाही आणि शुगरने नजरही गेली.

म्हणजे पवनच हवा. त्याला घेऊन या. मिरचीचा हंगाम तर एप्रिलमध्येच संपतो ना, मोठेबाबा?

मयुरी

*

चंद्रपूर, डायलिसिस वॉर्ड
३० जुलै २०२४

मयुरीताई,

हे पत्र मशीनवर बसून लिहिते आहे. बाबा खाली चहाला गेले आहेत. उत्तर पाठवू नकोस, तुझी पत्रं बाबांच्याच हाती पडतात. समोरच्या मावशी हे टपालात टाकतील.

तो फॉर्म मी वाचला.

ताई, त्या दिवशी साहेबांना मी बाबांनी पढवलेलं सगळं खोटं सांगितलं. पण एक उत्तर खोटं नव्हतं. सांभाळायला कोण आहे विचारलं, तेव्हा कोणी नाही म्हणताना मला काही आठवावं लागलं नाही. मी रडले ती तेव्हाच.

जानेवारीत इथल्या डॉक्टरांनी पवनला सांगितलं, तुमचा रक्तगट जुळतो, पुढच्या तपासण्या करून घ्या. तो लगेच हो म्हणाला. तपासणीच्या दिवशी बाबांच्या ऐवजी तोच माझ्यासोबत आला. मला मशीनवर बसवलं, चादर नीट केली, म्हणाला, "चहा घेऊन येतो, तू झोप." माझा मोबाइल त्याच्या खिशात होता. चार तासांनी सुया काढल्या तरी तो आला नव्हता. मी एकटी बसने घरी आले आणि बाबांना सांगितलं, त्याला मिरचीच्या टोळीत काम मिळालं, तो तिकडूनच गेला.

मला त्याचा राग येतो. रोज येतो. कधी कधी वाटतं, उलटं असतं तर मी दिली असती का? दिली असती असंच वाटतं, पण मला कोणी विचारलेलं नाही.

बाबांचा जावयावर फार जीव आहे. "मला मुलगा नव्हता तो देवाने दिला," असं सगळ्यांना सांगतात. त्यांना हे कळलं तर ते उभे राहणार नाहीत, आणि ते उभे नाही राहिले तर मला इथवर कोण आणेल? त्यांना सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे.

हाताची नस बंद पडली. आता मानेतून नळी घातली आहे. डॉक्टर म्हणाले, नळीच्या जागा ठरलेल्या असतात, त्या एकेक संपत जातात. म्हणून सप्टेंबरमध्ये मी काय सांगायचं ते ठरवलं आहे. तू काळजी करू नकोस.

दिव्यानी

*

ता. जिवती
२१ ऑगस्ट २०२४

मयुरी बेटा,

तू हंगामाचं विचारलंस. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

मिरचीच्या टोळ्या परत आल्या, त्यात पवन नव्हता. टोळीवाले म्हणाले, तो आमच्यासोबत नव्हताच. मे महिन्यात मी दिव्यानीला सांगितलं की पेन्शनच्या कामाला जातो, आणि मंचेरियालला गेलो. तिकडे एका भाताच्या गिरणीत तो पोती उचलतो. मला पाहून पळाला नाही. पायावर डोकं ठेवून हमसून रडला. "बाबा, मले भेव लागते जी. माह्या मायले मी एकटाच हाव. मी नाई येत आता."

मनात होतं की तिथेच कानफटात ठेवून द्यावी. हात उचललाही. तो त्याच्या पाठीवर जाऊन पडला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं पोरगं ते. तसाच परत आलो. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला चव नाही.

जूनच्या पत्रात मी लिहिलं की शकुबाईने पदरचं घातलं. तिने उगाच तोंडाला येईल ते सांगितलं आणि नेमकं तेच खरं निघालं. तुझ्यापासून लपवलं, माफ कर.

दिव्यानीला वाटतं तो कामाला गेला आहे. कोणी फटफटीवर आलं की ती मान वळवते. त्या आशेवरच ती मशीनवर बसते. आशा गेली तर पोरगी पाचच्या गाडीला उठायची नाही. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

मात्र साहेबापुढे मी यावेळी शहाणपणा करणार नाही. खोली आहे, फिल्टर आहे, जावई सोडून गेला, मी आहे. सगळं जसंच्या तसं सांगणार. त्या ओळीत मी माझंच नाव लिहिलं आहे. वय सहासष्ट लिहिलं आहे. खाली लिहिलं की दोन्ही पाय चांगले आहेत.

मोठेबाबा

*

नागपूर
२ सप्टेंबर २०२४

मोठेबाबा,

खरं सांगणार म्हणालात, ते योग्यच आहे.

एक विनंती आहे. मुलाखतीला येण्याआधी तुम्ही आणि दिव्यानी दोघं बसून बोला. पवनबद्दल बोला. तिला काय वाटतं ते आधी तिच्या तोंडून ऐका. तुम्हाला वाटतं तितकी ती नाजूक नाही. याहून जास्त मी लिहू शकत नाही, पण हे नक्की करा.

तुमची,
मयुरी

*

नागपूर
१० ऑक्टोबर २०२४

मोठेबाबा,

निकाल तुम्हाला त्या दिवशी साहेबांच्या चेहऱ्यावरून कळलाच असेल. आज कागद आला.

तुम्ही आतल्या खोलीत सांगितलंत की जावई सोडून गेला, आता येणार नाही. शेजारच्या खोलीत दिव्यानीने सांगितलं की नवरा सोबत राहतो, औषधं तोच देतो, आज कामामुळे आला नाही. त्याची गोळ्या द्यायची वेळसुद्धा तिने सांगितली, सकाळी आठ आणि रात्री आठ. समितीने लिहिलं: तिसऱ्यांदा परस्परविरुद्ध माहिती, कुटुंबावर विसंबता येत नाही, फाइल बंद. सहा महिन्यांनी नव्याने अर्ज करता येईल.

मोठेबाबा, मला दोन्ही माहीत होतं. दिव्यानीने जुलैमध्ये मला लिहिलं होतं की पवन जानेवारीतच गेला, पण बाबांना कळू देऊ नकोस. तुम्ही ऑगस्टमध्ये लिहिलंत, तिला कळू देऊ नकोस. तिने शपथ घातली, तुम्ही विनवलंत, आणि मी दोघांचं पाळलं. बोला एकमेकांशी, एवढं लिहून मोकळी झाले. मी सरळ बस पकडून तुमच्या घरी यायला हवं होतं. एक दिवसाची रजा टाकायची होती, तीसुद्धा मी टाकली नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते, नाहीतर मला झोप लागणार नाही. ती ओळ माझ्या नावाने भरता आली असती. माझं वय छत्तीस, दवाखान्यापासून वीस मिनिटांवर घर, चिठ्ठ्या वाचणं माझं रोजचं काम. नात्यातलं माणूस चालतं, नियमाची आडकाठी नव्हती. जुलैमध्ये तो फॉर्म पाकिटात घालताना हे मला सुचलं होतं. मग दोन खोल्यांचं घर आठवलं, सासूबाई आठवल्या, मुलीची दहावी आठवली, आणि जन्मभर हा शब्द आठवला. पाकीट चिकटवलं आणि तुम्हाला लिहिलं, पवनच हवा. तुमच्या जावयाला नावं ठेवायला माझ्याकडे तोंड नाही.

मयुरी

*

ता. जिवती
२५ ऑक्टोबर २०२४

मयुरी बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात, आणि एकदा दिव्यानीला वाचून दाखवलं. आता घरात काही लपवायचं उरलेलं नाही. आधी बोला म्हणाली होतीस, पण तिची आशा मोडायचा मला धीर झाला नाही.

मुलाखतीच्या दिवशी परतीच्या बसमध्ये वरोरा सुटल्यावर तिने विचारलं, "बाबा, पवनचं काय सांगतलं तुमी?"

"सोडून गेला म्हणून सांगतलं."

"तुमाले ठाऊक होतं?"

"तुले ठाऊक होतं?"

तिने मान डोलावली. राजुरा आल्यावर तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "मी तुमच्यासाठी खोटं बोलली बाबा, आनि तुमी माह्यासाठी खरं बोलले." बाजूचे लोक बघत होते, तरी मला रडू आवरलं नाही.

तुझ्यावर रागावलो नाही असं लिहिणार होतो. पण रागावलो आहे. तुझ्यावर, पवनवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. शेवटी तुझी रजा आणि माझी हुशारी मिळून एकच झालं.

मानेतली दुसरी नळीही काढावी लागली, जंतू झाले. आता मांडीतून घातली आहे. डॉक्टरांना विचारलं, सहा महिने निघतील ना? ते म्हणाले, बघू. दिव्यानी आता आठवड्यातून दोनऐवजी तीनदा जाते. पाचच्या गाडीचा कंडक्टर आमची जागा धरून ठेवतो.

तू तुझ्या नावाचं लिहिलंस. बेटा, त्या ओळीचं तेव्हा ठाऊक नव्हतं, पण दिव्यानीला तुझ्या घरी ठेवशील का, हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच सुचलं होतं. पत्र लिहायला बसलो तोच मुळी ते विचारायला. मग धर्मशाळेचं वाचलं आणि उमगलं, म्हणून गप्प राहिलो. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर या जगात मला पत्र लिहायला कोण उरलं असतं? म्हणून विचारलं नाही, आणि तू आपणहून म्हणशील याची प्रत्येक पत्रात वाट पाहिली.

आता वाट बघायला तिच्याकडे वेळ नाही. दिव्यानी म्हणते, ताईला विचारू नका, तिचं घर मोडेल. सुगंधा म्हणते, विचारा. मी नवा फॉर्म मागवून भरून ठेवला आहे. पाणी, खोली, संडास, सगळं खरं लिहिलं आहे. ती एक ओळ तेवढी मोकळी ठेवली आहे.

तुझं नाव लिहू का?

मोठेबाबा